मटारमाहात्म्य : एक चिकित्सा

मटारच्या अंगी असलेले आरोग्यदायी गुण हे मंडईतील त्याच्या भावाशी व्यस्त प्रमाणात असतात, म्हणजे भाव जसजसा उतरतो तसतसे गुण वाढत जातात, हा आहारशास्त्राच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात न आढळणारा, परंतु पुण्यापासून नागपूरपर्यंतच्या मध्यमवर्गीय घरांत दरवर्षी नव्याने सिद्ध होणारा नियम आहे. पावसाळा सरताना सासवडकडील माल कमी पडू लागतो आणि दूर हिमाचलातून आलेल्या शेंगांच्या भावात त्यांचे प्रवासभाडेही मिसळलेले असते. त्या दिवसांत मटारमध्ये काही जीवनसत्त्वे असतात याची कोणालाही आठवण होत नाही, उलट तो पचायला जड असतो, बाधतो आणि मुळात गणपतीच्या नैवेद्याला त्याची काही गरज नसते, असेच सार्वत्रिक वैद्यकीय मत असते. पौष उजाडतो, जबलपूरच्या बाजूने आणि उत्तरेकडून मालाच्या गाड्या येऊ लागतात, हातगाड्यांवर हिरवे ढीग लागतात, आणि तोच मटार एका रात्रीत पचायला हलका होऊन हृदय, डोळे, हाडे, त्वचा व केस या सर्वांची काळजी वाहू लागतो.

या नियमाला परदेशाच्या इतिहासातही आधार सापडतो. फ्रान्समध्ये चौदाव्या लुईच्या दरबारी कोवळ्या मटारचे वेड पसरले असताना, १६९६ साली मादाम द मँतनों हिने एका पत्रात असे नोंदवले आहे की, राजाच्या पंगतीत व्यवस्थित जेवून आलेल्या काही स्त्रिया घरी परतल्यावर, अपचनाचा धोका पत्करून, झोपण्यापूर्वी पुन्हा मटार खात असत. तेथे मटार महाग होता, प्रतिष्ठेचा होता आणि त्याची कीर्ती पोट बिघडवणारा अशी होती. भाव वर असताना गुण खाली, हा नियम त्या दरबारानेही पाळला होता.

पौषातील या स्वस्ताईचा पहिला बळी म्हणजे जुडीभर कोथिंबीर आणण्यासाठी घराबाहेर पडलेला कुटुंबप्रमुख होय. ढिगासमोर तो थांबतो, एक शेंग उचलतो, विक्रेत्याच्या देखत ती फोडतो आणि आतील दाणे तोंडात टाकतो. या कृतीला चव पाहणे असे म्हणतात, आणि गोडी पहिल्याच शेंगेत कळलेली असली तरी निष्कर्षाला बळकटी यावी म्हणून ती आणखी बऱ्याच शेंगांवर करण्याचा प्रघात आहे. त्यानंतरचा संवाद ठरलेला असतो.

"कसा दिला?"

"तीस रुपये किलो. शंभरला चार."

"शंभरला पाच द्या."

"काका, उभ्या-उभ्या पाव किलो तुम्ही खाल्लात, तो कुठल्या हिशेबात धरू?"

हा प्रश्न दोन्ही पक्ष सामंजस्याने बाजूला ठेवतात आणि शंभरला पाच या बोलीवर तह होतो. शेंगेच्या वजनातील निम्म्याहून अधिक भाग टरफलाचा असतो, त्यामुळे वीस रुपये किलोने घेतलेल्या शेंगांतील दाण्यांचा खरा भाव दुपटीच्या वर जातो, हे गणित कुटुंबप्रमुखाला येत नाही असे नाही. पण वाचवलेल्या पंचवीस रुपयांचा आनंद ताजा असताना असली गणिते करणे अरसिकपणाचे ठरते. घराच्या उंबरठ्यावर मात्र त्याला दुसऱ्या परीक्षेला सामोरे जावे लागते.

"कोथिंबीर कुठाय?"

"राहिली. पण मटार बघ, पाच किलो!"

"पाच किलो? घरात माणसं किती, मटार किती?"

"अगं, प्रोटीन असतं त्यात."

प्रोटीन, म्हणजेच प्रथिन, हा शरीरातील पेशी व स्नायू यांच्या बांधणीसाठी आणि डागडुजीसाठी लागणारा नत्रयुक्त घटक असून, मराठी कुटुंबातील वाद मिटवण्याची जी शक्ती पूर्वी 'शास्त्रात सांगितलं आहे' या वाक्यात होती, ती अलीकडे या एका शब्दात उतरली आहे. हा शब्द उच्चारताच समोरचा माणूस निरुत्तर होतो, कारण आपण कालपर्यंत काय खात होतो आणि त्यात हे प्रोटीन होते की नव्हते, याविषयी त्याच्या स्वतःच्या मनातही दाट शंका असते.

अडचण अशी की, कुटुंबप्रमुखाचे म्हणणे खोटे नसते. अमेरिकी कृषी विभागाच्या पोषण-कोष्टकानुसार १०० ग्रॅम कच्च्या मटारमध्ये ८१ किलोकॅलरी ऊर्जा, सुमारे ५.४ ग्रॅम प्रथिने, त्याहून किंचित अधिक तंतू म्हणजे न पचता पुढे सरकणारा चोथा, आणि ४० मिलिग्रॅम 'क' जीवनसत्त्व असते. स्निग्धांश अर्ध्या ग्रॅमहूनही कमी असतो. याखेरीज रक्त गोठण्याच्या क्रियेला लागणारे 'के' जीवनसत्त्व, नव्या पेशी तयार होण्यास आवश्यक असलेले फोलेट, पिष्टाचे ऊर्जेत रूपांतर करण्यास मदत करणारे थायमिन, थोडे लोह, बरेचसे पोटॅशियम आणि डोळ्यांच्या पडद्याला उपयोगी पडणारी ल्युटीन व झियाझँथिन ही पिवळी रंगद्रव्ये, असा ऐवज त्या दाण्यात खरोखरच भरलेला असतो. भाजी म्हणून पानात वाढल्या जाणाऱ्या पदार्थांत इतके प्रथिन क्वचितच सापडते, आणि त्याचे कारण मटार ही मुळात भाजी नसून कोवळेपणी पकडलेले कडधान्य आहे, हे होय.

परंतु खरी माहिती घरातील आहारतज्ज्ञाच्या हाती पडली की तिचे पुढे काय होईल, याचा भरवसा देता येत नाही. असा एक तज्ज्ञ प्रत्येक कुटुंबात असतो. त्याची हयात बँकेत किंवा पाटबंधारे खात्यात गेलेली असते, तो नात्याने बहुधा काका असतो, आणि सकाळी सहाच्या आत कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर तो गुलाबाच्या चित्रासह एक औषधी वनस्पती पाठवून मोकळा होतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० सालच्या शिफारशींनुसार ६५ किलो वजनाच्या प्रौढ पुरुषाला दिवसाला ५४ ग्रॅम प्रथिने लागतात, आणि या ५४ ला ५.४ ने भागले असता उत्तर बरोबर दहा येते, म्हणजे दहा वेळा शंभर ग्रॅम, म्हणजे एक किलो. भागाकार इतका निःशेष सुटलेला पाहून बँकेत आयुष्य घालवलेल्या माणसाला त्यात ईश्वरी संकेत दिसला, तर त्याला दोष देता येत नाही. काका जाहीर करतात की, माणशी एक किलो मटार खाल्ला की दिवसाची प्रथिनांची ददात मिटली.

या योजनेची अंमलबजावणी करायची तर माणशी दोन किलोंहून अधिक शेंगा सोलाव्या लागतील, चौघांच्या घराला रोज नऊ किलोंच्या आसपास शेंगा लागतील, त्यासाठी ब्राह्ममुहूर्तावर उठून सर्वांनी परातीभोवती बसावे लागेल आणि नोकऱ्या सोडाव्या लागतील. शिवाय एक किलो मटारमधून जे सत्तावन्न ग्रॅम तंतू पोटात जातील, ते दिवसाच्या गरजेच्या जवळजवळ दुप्पट असल्यामुळे, एकच स्वच्छतागृह असलेल्या घरात सकाळच्या वेळी जो प्रसंग उद्भवेल, त्याचा विचार काकांच्या संदेशात केलेला नसतो.

प्रथिनांविषयी आणखी एक बारकावा सांगणे आवश्यक आहे, कारण त्याचा गैरफायदा सर्वाधिक घेतला जातो. प्रथिने ही अमिनो आम्ले नावाच्या घटकांच्या साखळ्यांनी बनलेली असतात. मटारमध्ये त्यांपैकी लायसिन भरपूर असते आणि गंधकयुक्त मिथिओनिन कमी असते, तर गहू-तांदळात नेमकी याच्या उलट स्थिती असते, त्यामुळे दोन्ही एकत्र खाल्ले असता एकाची उणीव दुसरा भरून काढतो. हे कळल्याच्या दिवशी काकांच्या चेहऱ्यावर निवृत्तीवेतनात वाढ झाल्याचे समाधान असते.

"म्हणजे नुसती उसळ खाऊन पुरेसं नाही?"

"अजिबात नाही. बरोबर पाव पाहिजे. शास्त्रच आहे तसं."

पोळी किंवा भाकरीनेही हेच काम होते, किंबहुना अधिक चांगले होते, हे वाक्य शास्त्रातून कुटुंबाच्या गटापर्यंतच्या प्रवासात कोठेतरी गळून पडते.

आता सोलण्याकडे वळले पाहिजे. वर्तमानपत्र पसरले जाते, मध्ये परात येते, शेंगांचा ढीग ओतला जातो आणि त्या क्षणी घरातील प्रत्येकाला आपली अपुरी राहिलेली कर्तव्ये आठवतात. थोरल्या मुलाची ऑनलाइन बैठक सुरू होते, धाकट्याची परीक्षा जवळ येते, कुटुंबप्रमुखाला राहिलेल्या कोथिंबिरीची आठवण होऊन तो पुन्हा बाहेर पडतो, आणि काका मटारच्या उपयुक्ततेवर पुढचा संदेश लिहिण्यात गढून जातात. या विषयावर दीर्घ विवेचन करणारे लोक सोलण्याच्या वेळी हटकून लेखनात मग्न असल्याचे आढळते, आणि प्रस्तुत विवेचनही त्या दृष्टीने संशयातीत नाही. शेवटी परातीपाशी उरतात त्या आजी, सूनबाई, पाहुणी आलेली आत्या आणि कच्चे दाणे खाण्यासाठी बसलेला नातू.

"अरे, सोलतोयस की चरतोयस?"

"आजी, व्हिटॅमिन सी असतं यात. काकाआजोबांनी पाठवलंय."

येथे नातवाची बाजू शास्त्रदृष्ट्या भक्कम आहे. 'क' जीवनसत्त्व पाण्यात विरघळते आणि उष्णतेने नाश पावते, त्यामुळे कच्चा दाणा खाणाऱ्याला ते जवळपास पूर्ण मिळते, उसळ खाणाऱ्याला त्यातील काही भाग मिळतो, आणि दाणे उकळून पाणी मोरीत ओतणाऱ्या घरांत बराचसा लाभ मोरीला होतो. तोडणीनंतर शेंगेतील साखरेचे हळूहळू पिष्टात रूपांतर होऊन गोडी कमी होत असल्याने, मटार शक्य तितक्या लवकर, शक्य तितका परातीपाशीच संपवावा, हा नातवाचा सिद्धान्त खोडून काढणे आजीलाही जमत नाही. ती फक्त परात आपल्याकडे ओढून घेते.

मटारचे दाणे चिकाटीने मोजणाऱ्या माणसाने विज्ञानाचा इतिहास बदलला, ही गोष्ट अशा वेळी विशेष थक्क करणारी वाटते. आज चेक प्रजासत्ताकात असलेल्या ब्रनो येथील मठात ग्रेगोर मेंडेल या धर्मगुरूने १८५६ ते १८६३ या काळात मटारची हजारो झाडे वाढवून आनुवंशिकतेचे, म्हणजे आईबापांचे गुण संततीत कसे उतरतात याचे, नियम शोधून काढले. एका प्रयोगात त्याला ५४७४ गोल आणि १८५० सुरकुतलेले दाणे मिळाले, आणि हे प्रमाण तीनास एक असल्याचे त्याने ताडले. हा प्रयोग मराठी घरात झाला असता तर मोजणीपूर्वीच निम्मे दाणे फस्त झाले असते. त्यातही सुरकुतलेले अधिक गेले असते, कारण त्यांत साखरेचे पिष्ट करणारी यंत्रणा बिघडलेली असल्यामुळे ते जास्त गोड असतात, आणि गोल दाणेच तेवढे शिल्लक राहिल्याने आनुवंशिकतेचा शोध आणखी काही दशके लांबला असता. सुरकुती पाडणारा तो जनुकातील दोष नेमका कोणता, हे इंग्लंडमधील शास्त्रज्ञांनी १९९० साली दाखवून दिले. नातवाला ते जिभेने आधीच कळलेले असते.

सोलण्याच्या कामात ठराविक अंतराने एक किंकाळी उठते आणि शेंग हवेत उडते. शेंगेत अळी निघालेली असते. अळी दिसताच घरातील विचारवंतांचे दोन तट पडतात.

"अळी आहे म्हणजे फवारणी कमी झालेली आहे. चांगलं लक्षण!"

"मग ही शेंग तुम्ही घ्या."

यानंतर पहिला तट विसर्जित होतो. सेंद्रिय शेतीविषयी मराठी माणसाची निष्ठा अढळ आहे. तिचा पुरावा स्वतःच्या ताटात हालचाल करू लागेपर्यंत ती टिकते.

आत्याचे प्रकरण वेगळे आहे. खरे सत्त्व टरफलात असते आणि हल्लीच्या मुली ते फेकून देतात, अशी तिची खात्री असल्यामुळे दाणे काढून झाल्यावर ती टरफलांचा ढीग स्वतःकडे घेते आणि प्रत्येक सालीच्या आतील चिवट, पारदर्शक पापुद्रा सोलू लागते. हा पापुद्रा निघाल्यावर कोवळ्या सालींची भाजी होते, ती चवीला वाईट नसते, तंतूही देते, परंतु पापुद्रा काढण्यास शेंगा सोलण्याच्या तिप्पट वेळ लागत असल्याने, दुपारी सुरू केलेली भाजी दुसऱ्या दिवशीच्या डब्यात जाते, आणि ज्याच्या डब्यात ती जाते तो कार्यालयात ती खिडकीकडे तोंड करून खातो.

पुढच्या खेपेस हे सारे टाळण्यासाठी सोललेले दाणे विकत आणले जातात, आणि त्याबरोबर भेसळीची शंका घरात येते. वाळलेले वाटाणे भिजवून, कृत्रिम हिरवा रंग लावून ताज्या मटारच्या नावाने खपवण्याचे प्रकार होत असल्याने, देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने एक सोपी घरगुती चाचणी सुचवली आहे : थोडे दाणे काचेच्या भांड्यात पाण्यात टाकावेत, अर्धा तास ठेवावेत, आणि पाण्याला वेगळा रंग सुटल्यास भेसळ समजावी. काका ही चाचणी सर्व कुटुंबाला जमवून पार पाडतात. अर्ध्या तासाने पाणी गडद हिरवे झालेले दिसते, काका तोच ग्लास हातात धरून कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याकडे जातात, तेथे ग्राहकहक्कांवर बोलतात, बघे जमतात, आणि त्या गर्दीतून वाट काढत आलेली नात म्हणते, "काकाआजोबा, माझा ब्रश बुडवायचा ग्लास कोणी घेतला?" भाजीवाला काही बोलत नाही. तो फक्त शांतपणे विचारतो, "अजून अर्धा किलो देऊ का?" आणि काका तो घेतात.

स्वयंपाकघरात मटारच्या गुणांची खरी परीक्षा होते. शिजताना दाण्याचा हिरवा रंग, म्हणजे हरितद्रव्य, आम्लामुळे आपल्यातील मॅग्नेशियम गमावते आणि दाणा खाकी पडतो. तो हिरवागार राहावा म्हणून पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा घालण्याची युक्ती सर्वश्रुत आहे, मात्र सोड्यामुळे 'क' जीवनसत्त्व आणि थायमिन यांचा नाश वाढतो. अशा रीतीने पाहुण्यांसमोर जो मटार सर्वांत पौष्टिक दिसतो, तो सर्वांत कमी पौष्टिक असतो. पण पाहुणे जीवनसत्त्वे मोजत नाहीत, रंग पाहतात.

मधुमेही मंडळींचा प्रश्न अधिक नाजूक आहे. खाल्लेला पदार्थ रक्तातील साखर किती वेगाने वाढवतो, हे सांगणाऱ्या मापाला ग्लायसेमिक निर्देशांक म्हणतात. मटारचा हा निर्देशांक साधारण ५० च्या आसपास, म्हणजे कमी समजल्या जाणाऱ्या गटात पडतो, कारण त्यातील तंतू आणि प्रथिने पिष्टाच्या पचनाला लगाम घालतात. ही वार्ता कानी पडताच घरातील मधुमेही माणूस मटार करंजीची फर्माईश करतो. करंजीचे आवरण मैद्याचे असते आणि ती तेलातून तळून निघते, याकडे लक्ष वेधले असता तो दुखावतो.

"आत काय आहे ते बघा ना! मटारच आहे."

"अहो, पण बाहेर काय आहे?"

"बाहेरचं सोडून देईन मी."

आजवर एकाही करंजीचे बाहेरचे सोडलेले आढळलेले नाही. हाच युक्तिवाद मटार पॅटिस, मटार पनीर आणि पांढऱ्या वाटाण्याच्या रगड्याला लावला जातो. संध्याकाळी मित्रमंडळींत बसलेल्या काही सद्‌गृहस्थांच्या बशीत तळलेले, खारवलेले हिरवे वाटाणे असतात. तेही वनस्पतिजन्य प्रथिनांसाठीच खाल्ले जातात आणि शेजारच्या ग्लासाशी त्यांचा संबंध जोडणे कोतेपणाचे मानले जाते.

एकीकडे हे चालू असताना व्यायामशाळेत जाणारा थोरला मुलगा एक भलामोठा डबा विकत आणतो. त्यातील पूड वाळलेल्या पिवळ्या वाटाण्यापासून प्रथिन वेगळे काढून तयार केलेली असते, तिचा सुमारे चार पंचमांश भाग शुद्ध प्रथिनच असतो, आणि डब्याच्या किमतीत आजीच्या मते घरातल्यांना वर्षभराची उसळ झाली असती.

"हे कशाचं रे?"

"वाटाण्याचं, आजी."

"मग उसळ नको का म्हणतोस?"

"उसळीत इतकं प्रोटीन नसतं गं."

उसळीत आले, लसूण, खोबरे आणि कोथिंबीर असते, ती पानात वाढली की गरम वाफ येते आणि ती खाताना नाक दाबावे लागत नाही, हे तिचे दोष आधुनिक आहारविचाराला मान्य होण्यासारखे नाहीत.

येथवर टाळलेला एक विषय आता टाळता येत नाही. शेंगवर्गीय धान्यांत रॅफिनोज, स्टॅकिओज आणि व्हर्बास्कोज अशा नावांच्या साखळीयुक्त शर्करा असतात. त्या तोडणारे विकर, म्हणजे पचनाची रासायनिक क्रिया घडवणारे प्रथिन, माणसाच्या लहान आतड्यात नसते, त्यामुळे त्या जशाच्या तशा मोठ्या आतड्यात पोहोचतात आणि तेथील जिवाणू त्यांवर ताव मारून वायू निर्माण करतात. वाळलेल्या वाटाण्यापेक्षा कोवळ्या मटारमध्ये त्यांचे प्रमाण कमी असते, परंतु स्वस्ताईच्या दिवसांत सकाळी मटार पोहे, दुपारी मटार भात आणि रात्री उसळ असा क्रम लागल्यावर हा फरक भरून निघतो. गंमत अशी की, आतड्यातील उपकारक जिवाणूंचे पोषण हा मटारचा गौरवाने सांगितला जाणारा गुण आणि त्यानंतर उद्भवणारी सामाजिक अडचण, या दोन वेगळ्या घटना नसून ती एकच घटना आहे. एकीचा स्वीकार करून दुसरी नाकारता येत नाही. आयुर्वेदाने या वर्गातील धान्यांना वातूळ म्हटले आहे, आजी फोडणीत हिंग आणि वाटणात आले घालते, जेवणानंतर ओवा पुढे करते, आणि तरीही दुसऱ्या दिवशी सकाळी सोसायटीच्या योगवर्गात शिक्षकाने पवनमुक्तासनाची घोषणा केल्यावर काका घशाला कोरड पडल्याचे सांगून बाहेर जातात. जिन्यात त्यांना आणखी तिघे भेटतात.

एवढे होऊनही पाच किलो संपत नाहीत, आणि उरलेला मटार शीतकप्प्यात जातो. अन्न अतिशीघ्र गोठवण्याची पद्धत क्लॅरेन्स बर्ड्‌झाय या अमेरिकी माणसाने विकसित केली आणि १९३० साली मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड येथे गोठवलेले पदार्थ प्रथमच दुकानांत विक्रीस आले, तेव्हा त्यांत मटारही होता. दाणे उकळत्या पाण्यात दीड-दोन मिनिटे बुडवून लगेच गार पाण्यात टाकले की रंग आणि चव बिघडवणारी विकरे निकामी होतात, आणि मग ते पिशव्यांत भरून ठेवता येतात. शेतातून निघून काही तासांत गोठवलेल्या मटारमध्ये 'क' जीवनसत्त्व बऱ्याचदा अधिक टिकून राहते, कारण घरात आणलेल्या 'ताज्या' शेंगा सोलायला कोणी मिळेपर्यंत चार-पाच दिवस टोपलीत पडून असतात; परंतु हे विधान कुटुंबप्रमुखासमोर करण्याचे धैर्य अद्याप कोणी दाखवलेले नाही. शीतकप्प्यातून आइस्क्रीम हद्दपार होते, बर्फाचा साचा हद्दपार होतो, आणि दुधाच्या धुतलेल्या पिशव्यांत भरलेला मटार सर्व जागा व्यापतो.

सोलताना परातीबाहेर उडालेले दाणे सोफ्याखाली आणि दाराआड दबा धरून बसतात. अशाच एका दाण्यावर आजोबांचा पाय पडतो आणि उजवा गुडघा मुरगळतो. डॉक्टर फोनवर बर्फाने शेकायला सांगतात. बर्फ नसतो, कारण त्याच्या जागी मटार असतो, तेव्हा सूनबाई प्रसंगावधान राखून मटारचीच एक पिशवी पातळ फडक्यात गुंडाळून गुडघ्यावर ठेवते. गारव्याने रक्तवाहिन्या आकुंचन पावून सूज आणि वेदना कमी होतात, आणि सुटे दाणे सांध्याच्या आकाराप्रमाणे बसत असल्यामुळे बर्फाच्या खड्यांपेक्षा पिशवी अधिक चांगली चिकटते. जगभर खेळाडूंना हा उपाय ठाऊक आहे. आजोबांना पंधरा मिनिटांत उतार पडतो. मटारचा आरोग्याला झालेला फायदा घरातील सर्वांना एकाच वेळी, डोळ्यांदेखत आणि काकांच्या मध्यस्थीवाचून दिसण्याचा तो पहिला प्रसंग असतो.

दुसऱ्या दिवसापासून आजोबा जुन्या संधिवाताच्या डाव्या गुडघ्यालाही पिशवी मागू लागतात. वारंवार विरघळून पुन्हा गोठवलेले दाणे खाण्यास योग्य नसतात, म्हणून सूनबाई दोन पिशव्या वेगळ्या काढते, त्यांवर 'गुडघा, उजवा' आणि 'गुडघा, डावा' अशा चिठ्ठ्या चिकटवते आणि त्या खालच्या कोपऱ्यात ठेवते. शीतकप्प्यातील दमट हवेत चिकटपट्टी किती दिवस टिकते, यावर कोणतेही शास्त्रीय संशोधन उपलब्ध नसले तरी उन्हाळ्यात अचानक पाहुणे येईपर्यंत ती टिकत नाही, एवढे सांगता येते. कुटुंबप्रमुख मदत म्हणून शीतकप्प्यातून हाताला लागेल ती पिशवी काढून देतो, पुलाव होतो, पाने वाढली जातात.

"वहिनी, पुलाव फक्कड झालाय! आणि मटारात प्रोटीनही किती असतं!" असे म्हणत पाहुणे दुसऱ्यांदा वाढून घेत असतात, तेव्हा आजोबा आपल्या पानातील एक दाणा बोटांनी उचलून चष्म्यापाशी नेतात आणि विचारतात,

"सूनबाई, हा उजव्याचा की डाव्याचा?"